कडीअलीकडची मांजरं

१

सुभेदार गॅलरीच्या कठड्यावरून खाली गेला तेव्हा लेखिकाबाई हसत होत्या, कारण फोटोग्राफरने त्यांना हसायला सांगितलं होतं.

सुभेदार हा त्यांचा सगळ्यात थोरला बोका. करडा, रुंद तोंडाचा, चालण्यात एक ऐट असलेला. लेखिकाबाईंच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याचाच चेहरा होता. पुस्तकाचं म्हणणं असं की, मांजराला मांस लागतं ही माणसाने करून घेतलेली समजूत आहे. मसूर, वाटाणे, भोपळा, समुद्रातलं शेवाळ हे नीट शिजवून घातलं की मांजर ठणठणीत राहतं, वरून काहीही लागत नाही. पुरावा म्हणून त्या आपल्या घरातली मांजरं दाखवत. इथेच जन्मलेली, कधी बाहेर न गेलेली, मांसाचा कणही न चाखलेली. पुस्तक हातोहात खपलं होतं. आता नवी आवृत्ती निघायची होती, म्हणून नवा फोटो.

उजेड अडतो म्हणून फोटोग्राफरने कठड्यावरच्या कुंड्या आत काढून ठेवल्या होत्या. सुभेदार रोजच्यासारखा कठड्यावरून चालत आला. शेवटच्या कुंडीला अंग घासून तो आत उडी मारायचा. आज कुंडी नव्हती. तो सरळ चालत गेला आणि त्याने पुढचा पाय हवेत टाकला. नसलेल्या पायरीवर आपण टाकतो तसा, अगदी निर्धास्तपणे.

पहिला मजला होता. एवढ्या उंचीवरून मांजर पडतं, अंग झटकतं आणि आपल्यावरच रागावून निघून जातं. सुभेदार उठला नाही.

लेखिकाबाई स्वतः खाली गेल्या आणि त्याला उचलून वर घेऊन आल्या. त्या रडल्या नाहीत. फोटोग्राफर कॅमेरा गुंडाळत होता, त्याला ऐकू जाईल अशा बेताने त्या म्हणाल्या, "ह्याला विष घातलंय. आणि घालणारं माणूस ह्याच घरात राहतं."

२

मेलेली जनावरं उघडून ती कशाने मेली हे सांगणं, हा ज्यांचा धंदा होता त्या बाईंना त्यांचे विद्यार्थी पाठीमागे कात्रीबाई म्हणत. पुढे सगळेच म्हणू लागले आणि त्यांनीही ते चालवून घेतलं. गुडघे गेलेले, आवाज खरखरीत, आणि समोरच्याला बरं वाटावं म्हणून काही बोलायची सवय मुळीच नाही. कोणाचा घोडा, कोणाची गाय कोणी मारली हे त्यांनी इतक्यांदा शोधून दिलं होतं, की लोक आता पोलिसांच्या आधी त्यांना बोलावत.

लेखिकाबाईंनीही तेच केलं. कात्रीबाईंनी त्यांच्याच दिवाणखान्यात बसून विचारलं, "घरात कोण कोण?"

"माझे मिस्टर. शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, आता घरीच असतात. फोन घेणारी एक मुलगी येते, वाचकांच्या शंकांना उत्तरं द्यायला. आणि वर माझी नणंद. लग्न केलं नाही. कपडे शिवते. मी तिला वन्सं म्हणते, म्हणून आता दूधवालाही वन्संच म्हणतो."

"संशय कोणावर?"

"नाव घेणं बरं दिसत नाही." लेखिकाबाईंनी वर छताकडे पाहिलं. "पण त्यांच्याकडे कापडं कुरतडणाऱ्या उंदरांसाठी औषध असतं. कलेजीत घालून दिलं असेल. कलेजी पुढे आली तर मांजर विचार करत नाही."

कात्रीबाईंनी मान डोलावली. सुभेदार एका खोक्यात होता. लेखिकाबाईंनी त्याला वर आणलं, मास्तरांनी टॉवेलात गुंडाळलं, वन्संनी खोक्यात जुनी चादर अंथरली आणि फोनवालीने ते खोकं रिक्षात घालून कात्रीबाईंच्या टेबलापर्यंत पोचवलं. म्हणजे घरातल्या प्रत्येकाचा हात त्याला लागला होता.

टेबलावर कात्रीबाईंनी आधी त्याचा जबडा उघडला. जिभेवर उंदराच्या औषधाचे निळे दाणे होते. कोरडे, सुटे, नुकतेच पुडीतून काढल्यासारखे.

मग त्यांनी घसा उघडला. पोट उघडलं. आतड्याची वीत न् वीत पाहिली.

खाली एकही दाणा उतरला नव्हता. मांजराला विष घातलं होतं, पण ते मेल्यावर.

३

"मग मेला कशाने?" कात्रीबाई पुन्हा घरी आल्या तेव्हा मास्तरांनी विचारलं. उंच, वाकलेला माणूस. बोलताना हाताची बोटं सारखी पुसायचा, रंग लागलेले नसले तरी.

"बाकीची मांजरं आणा," कात्रीबाई म्हणाल्या.

मांजरं आली. कात्रीबाईंनी खोलीतले पडदे लावले आणि एकेकीच्या डोळ्यांत बारीक बॅटरी धरली. उजेडात मांजराची बाहुली रेघेसारखी बारीक होते. ह्यांच्या बाहुल्या तशाच राहिल्या, काळ्याभोर आणि वाटोळ्या. लोक फोटो पाहून म्हणायचे, काय टपोरे डोळे आहेत. त्यांनी कापसाचा बोळा मांजरीच्या नाकासमोरून खाली सोडला. तिने मानही हलवली नाही. दुसरीसमोर सोडला. तिसरीसमोर. मग त्यांनी मधली तिवई दोन हात सरकवली आणि पांढऱ्या मांजरीला जमिनीवर ठेवलं. ती रुबाबात निघाली आणि तिवईवर तोंड आपटून तिथेच बसली.

मास्तरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"सगळी आंधळी आहेत," कात्रीबाई म्हणाल्या. "घर पाठ आहे म्हणून फिरतात. सुभेदारही आंधळा होता. त्याचं काळीज फुगून पिशवीसारखं झालं होतं. पडताना घाबरला आणि ते थांबलं. ह्या दोघींच्या छातीचे ठोके मला आवडले नाहीत. त्यासुद्धा फार दिवस काढतील असं वाटत नाही."

लेखिकाबाई ताठ बसल्या होत्या. "म्हणजे हळूहळू भिनणारं विष."

"विष नाही. कमतरता. टॉरिन नावाचं एक द्रव्य असतं. आपलं शरीर ते बनवतं, मांजराचं पुरेसं बनवू शकत नाही. मांसात ते आपसूक असतं, मसुरात नसतं. ते मिळालं नाही की आधी डोळे जातात, मग हृदय. महिनोन्महिने लागतात."

"माझी मांजरं दहा वर्षं हेच खातायत. दरवर्षी डोळे तपासून घेत होते मी. सर्टिफिकेटं पुस्तकात छापली आहेत."

"पाहिली मी. खरी आहेत," कात्रीबाई म्हणाल्या. "तेच तर कोडं आहे. जे पहिल्या दोन वर्षांत व्हायला हवं होतं, ते आत्ता का झालं? आणि गेल्या वर्षी डोळे का नाही तपासले?"

लेखिकाबाई उठल्या. "राहून गेलं," असं म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या, आणि आतून दार लावून घेतल्याचा आवाज आला.

४

फोनवाली गॅलरीत बोलली, दाराकडे एक डोळा ठेवून.

"मी मांस खाते म्हणून बाई माझा डबा घरात उघडू देत नाहीत. तुम्हाला वाटेल मी त्यावरून सूड घेतला. पण मला ह्या मांजरांपेक्षा बाहेरच्यांची भीती वाटते."

"बाहेरच्यांची?"

"वाचकांची मांजरं. रोज फोन येतात. आमची भिंतीला आपटते, आमची पायरी चुकते, आमच्या बोक्याला दम लागतो. मला सांगून ठेवलंय, म्हणायचं की तुमचं प्रमाण चुकतंय, पुस्तक पुन्हा वाचा." तिचा आवाज खाली आला. "एक आजोबा होते. ते रोज तोलून शिजवायचे. मी त्यांना तीनदा पुन्हा वाचायला लावलं. चौथ्यांदा त्यांनी फोन केला नाही."

मास्तर रंगांच्या खोलीत सापडले. कात्रीबाईंनी ब्रश ठेवायच्या बरण्या उगाचच एकेक करून उचलल्या. मागे एक पांढरा डबा होता, झाकणाचं सीलही न तोडलेला. त्यावर लिहिलं होतं: टॉरिन.

"हे कोणासाठी?"

मास्तर बराच वेळ बोटं पुसत राहिले. "पांढरी दाराच्या चौकटीला धडकली तेव्हा मी दवाखान्यात जाऊन विचारलं. त्यांनी हे दिलं. कारखान्यात बनतं, कुठलं जनावर मारावं लागत नाही. मी हिला म्हटलं, चिमूटभर तर घालायचं. ती म्हणाली, मग पुस्तकात लिहावं लागेल."

"आणि तुम्ही?"

"मी डबा इथे ठेवला."

"घालायला तुम्हाला कोणी धरलं होतं?"

कात्रीबाईंनी डबा काखोटीला मारला आणि जिना कुठे आहे असं विचारलं.

आतला जिना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून वर जायचा. त्याचं दार बंद होतं. दाराच्या बाकीच्या सगळ्या कड्या, बिजागऱ्या काळवंडलेल्या. ही एक कडी मात्र पिवळीधमक. आणि दाराच्या खालच्या भागाचा रंग, मांजराचा पंजा पोचेल तेवढ्याच उंचीपर्यंत, खरवडून खरवडून लाकूड दिसायला लागलं होतं.

कात्रीबाई वाकून ते पाहत असताना वर शिलाई मशीन सुरू झालं.

घरभर पसरलेली मांजरं एकदम उठली. सोफ्यावरून, पलंगाखालून, भिंतीच्या कडेकडेने ती आली आणि त्या बंद दारासमोर ओळीने बसली. काळेभोर वाटोळे डोळे लाकडाकडे लावून. एकीने पंजा उचलला आणि दार खरवडायला सुरुवात केली.

५

कात्रीबाई बाहेरच्या जिन्याने वर गेल्या, दर तिसऱ्या पायरीवर थांबत. वन्संनी मशीन थांबवलं. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई, ओठांत टाचण्या धरलेल्या.

"मशीन सुरू झालं की खालची मांजरं दाराशी येऊन बसतात," कात्रीबाई म्हणाल्या. "का?"

वन्संनी त्या एकेक करून टाचण्यांच्या गादीत खोचल्या. तेवढ्यात त्यांचे डोळे भरले. "अजून येतात?"

"रोज काय द्यायचात?"

"कलेजी. कधी माशांची डोकी. पहिल्याच महिन्यात ती पिल्लं मसुराच्या वाटीपुढे बसून माझ्याकडे बघायची. मला नाही बघवलं. वहिनीला ऐकू जाऊ नये म्हणून मशीन चालू ठेवायचे आणि एका पायाने पायडल मारत खाली वाकून भरवायचे. वर्षानुवर्षं. एका माणसाला बोलले असेन तर शपथ. दादालाही नाही."

"आणि थांबलात कधी?"

"दीडेक वर्ष झालं. दादाने कडी लावली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना केस लागतात, असं वहिनी म्हणाली. मला पटलं, लागायचेच." त्या कात्रीबाईंकडे पाहत राहिल्या. "त्यांना काही झालंय का? सुभेदार म्हातारा झाला होता, तेवढंच ना?"

"उंदराचं औषध कुठे ठेवता?"

"तिथे, खिडकीत. कोणालाही सापडेल." वन्सं उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या आणि थबकल्या. "पुडी फाडलीय कोणीतरी. मी अजून उघडलीच नव्हती."

"खाली चला," कात्रीबाई म्हणाल्या. "तुमच्यावर खुनाचा आळ आहे. तो उतरवते. पण त्यानंतर तुम्हाला बरं वाटेल असं मी म्हणत नाही."

६

दिवाणखान्यात सगळे बसले. लेखिकाबाईंनी साडी बदलली होती. मांजरं दाराशीच राहिली होती. त्यांना कोणी बोलावलं नाही.

"मेलेल्या मांजराच्या तोंडात विष का घालतात?" कात्रीबाईंनी सुरुवात केली. "कोणाला तरी अडकवायला. फोनवालीने खोकं आणलं, पण तिला कोणाला अडकवायचं असतं तर तिने बाईंना अडकवलं असतं. वन्संच्या खिडकीतली पुडी तिच्या काय कामाची? वन्सं स्वतःचीच पुडी कशाला वापरतील? मास्तर..." त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. "मास्तर स्वतःहून काही करत नाहीत."

मास्तरांनी मान खाली घातली.

"आणि दुसरं. पहिल्याच भेटीत लेखिकाबाई मला म्हणाल्या, कलेजीत घालून दिलं असेल. दुधात नाही, भातात नाही. कलेजीत. वन्सं कलेजी द्यायच्या हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मग तुम्हाला कसं कळलं, बाई?"

दाराकडून खरवडण्याचा आवाज येत होता.

"पांढरी ओकली," लेखिकाबाई म्हणाल्या. आवाज शांत होता, व्याख्यानाला असतो तसा. "माझ्या टेबलावर. मी ते बोटाने चिवडून पाहिलं."

"तेव्हाच तुम्हाला कळलं की पुस्तक खोटं आहे."

"नाही. तेव्हा मला कळलं की ते अजून सिद्ध झालेलं नाही. मी कडी लावायला सांगितली. म्हटलं, आता तरी ती खरोखर माझं अन्न खातील. आपोआप खरं होईल."

"आणि डोळे जायला लागले तेव्हा?"

"वाट पाहिली."

"कशाची?"

लेखिकाबाईंनी पदर सारखा केला.

"तपासलं असतं तर लोकांना कळलं असतं," कात्रीबाई म्हणाल्या. "म्हणून डोळे तपासणं बंद. मग फोटोग्राफरसमोरच सुभेदार पडला. आता कारण तर द्यायला हवं. म्हणून विष, म्हणून वन्सं. मास्तर टॉवेल आणायला गेले तेवढ्यात तुम्ही वर जाऊन आलात, वन्सं तेव्हा सुभेदार पडला म्हणून खाली अंगणात धावल्या होत्या."

वन्सं तोंडावर हात धरून ऐकत होत्या. "सगळी?" त्या पुटपुटल्या. "सगळी आंधळी?"

फोनवालीने हळूच विचारलं, "मग मांसाशिवाय मांजर जगतच नाही?"

"ह्या डब्यातली पूड आणि आणखी काही गोष्टी तोलून-मापून घातल्या, रक्त तपासत राहिलं, तर जगलेली मी पाहिलीत. सगळीच जगतील की नाही हे मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण नुसत्या त्या पुस्तकावर? नाही."

सगळं उघड झालं होतं. लेखिकाबाई मात्र खचल्या नव्हत्या. त्या नणंदेकडे वळल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जिवंत आलं.

"वन्सं, तुम्हाला कळलं का ह्या काय सांगतायत? तुम्ही कलेजी घातली नसती तर पहिल्याच वर्षी पिल्लं आजारी पडली असती. मी घाबरून थांबले असते. पुस्तक लिहिलंच नसतं. सर्टिफिकेटं, फोटो, ते टपोरे डोळे, सगळं तुमच्या कलेजीचं. लोकांनी माझ्या शब्दावर नाही, तुमच्या मांजरांवर विश्वास ठेवला. घरातली मी आंधळी केली. बाहेरची तुम्ही."

वन्संनी कात्रीबाईंकडे पाहिलं. लहान मूल डॉक्टरकडे पाहतं तसं.

"हे खरं आहे?"

कात्रीबाईंना त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं. "पहिल्या वर्षी आजारी पडली असती, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "त्या थांबल्या असत्या, हे खरं वाटत नाही. दीड वर्ष डोळ्यांसमोर दिसत होतं, तरी थांबल्या नाहीत."

पण वन्संनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं.

७

मास्तरांनी कडी काढली. सांगितल्यावर काढली. मांजरं वर गेली, जिन्याच्या भिंतीला अंग घासत, एकामागून एक. त्यांतल्या दोघी महिन्याभरात मेल्या. उरलेल्यांची हृदयं पूड आणि कलेजी मिळाल्यावर सावरली. डोळे परत आले नाहीत. ते कधीच येत नाहीत.

लेखिकाबाईंवर खटला वगैरे काही झाला नाही. स्वतःच्या मांजरांना काय खायला घालावं ह्याबद्दल कोणाला पकडत नाहीत, आणि मेलेल्या बोक्याच्या तोंडात दाणे टाकणं हा गुन्हा कुठे लिहिलेला नाही. कात्रीबाईंनी आपला अहवाल प्रकाशकाला पाठवला. नवी आवृत्ती निघाली. तिच्यात एक परिच्छेद वाढवला होता: एका जवळच्या व्यक्तीने वर्षानुवर्षं चोरून मांस घालून मांजरांच्या प्रकृतीची हानी केली. मुखपृष्ठावर सुभेदारचा नवा फोटो होता, पडायच्या आधी क्षणभर काढलेला.

फोनवालीने नोकरी सोडली. वाचकांचे नंबर तिच्या मोबाइलमध्ये होते. ती दुपारी वन्संच्या खोलीत येऊन बसायची, नंबर लावायची आणि फोन त्यांच्या हातात द्यायची. मशीन बंद असायचं. शिवायचे कपडे कोपऱ्यात साठत चालले होते.

कात्रीबाई एकदा मांजरांचे ठोके ऐकायला आल्या, तेव्हा वन्सं फोनवरच होत्या.

"पूड आजपासून द्या," वन्सं सांगत होत्या. "मांस द्या. डॉक्टरला दाखवा. हृदय वाचेल. डोळे गेले असतील तर गेले."

पलीकडून एक बाई काहीतरी विचारत होती.

"नाही, त्यांच्या घरातली मांजरं ठणठणीत होती हे खरं आहे," वन्सं म्हणाल्या. "त्यांना चोरून कलेजी घालणारी मी. मी तेव्हा बोलले असते तर तुम्ही ते पुस्तक घेतलं नसतंत."

खोली लहान होती, म्हणून पुढचं कात्रीबाईंनाही ऐकू आलं.

"माझी आत्ता खिडकीत बसलीय," ती बाई म्हणाली. "रोज बसते. मला वाटायचं रस्त्याकडे बघते."

फोन बंद झाला. वन्संनी तो थोडा वेळ हातात धरून ठेवला. मग फोनवालीपुढे केला आणि म्हणाल्या, "पुढचा लाव."